पाठमोरे पाच

१

निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ ठरलेली आहे. मी वर्तमानपत्र वाचतो, त्यातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करतो आणि ते बायकोपुढे ठेवतो. ती म्हणते, "आता हे त्यांना परत पाठवा, म्हणजे उद्यापासून नीट छापतील." चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या हातून पेन सहजासहजी सुटत नाही.

त्या शुक्रवारी जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, रविवारी तुमच्या रस्त्यावर जायचं. तुम्ही, आई आणि मी."

माझा रस्ता म्हणजे डोंगरातला एक वळणावळणाचा रस्ता. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, पायऱ्यापायऱ्यांनी थेट खाली नदीपर्यंत उतरलेली. हल्ली लोक तिथं मुद्दाम गाडी घेऊन जातात, फोटो काढतात. तो रस्ता मी बांधला नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी तो आखला गेला तेव्हा त्याची स्थळपाहणी मी केली होती. निदान आमच्या घरात तसा समज होता.

त्या पाहणीची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली होती, की पाहुण्यांसमोर मी तोंड उघडलं की बायको आधीच भांडी आवरायला घ्यायची. तीन दिवसांची पायपीट, धो धो पाऊस, पायाला जळवा, आणि खाचरांत भेटलेली पाच म्हातारी माणसं. त्यांतली एक दात नसलेली आजी सारखी हसायची. तिनं मला मडक्यातलं पाणी दिलं. मुलानं शाळेत यावर निबंध लिहिला होता आणि त्याला बक्षीस मिळालं होतं. पुढे तो रस्ते खात्यात इंजिनिअर झाला, त्यात त्या निबंधाचा वाटा आहे असं तो स्वतःच चारचौघांत सांगतो.

"रस्ता रुंद होतोय," तो म्हणाला. "सुरुंग लावून डोंगर तीन मीटर आत घ्यायचाय. पाहणी माझ्याकडे आलीये. म्हटलं, सहल आणि काम एकदमच उरकू." त्यानं पिशवीतून काही कागद काढले. "आणि हे बघा, अभिलेखागारातून कोणाचा अहवाल काढलाय."

माझं अक्षर मी लगेच ओळखलं. एकतीस वर्षांपूर्वी ते फारच सुंदर होतं.

"असं आता कोणी लिहीत नाही, बाबा. मी यातलंच बरंचसं घेणार आहे."

मी म्हणालो, माझा गुडघा दुखतोय.

"गुडघा मागच्या सीटवर ठेवा," बायको म्हणाली. "तुम्ही पुढे बसा."

२

रविवारी हवा स्वच्छ होती. तासाभरात सपाटी संपली आणि चढ लागला. बायको मागे लिंबू हुंगत बसली होती, कारण वळणं तिला सोसत नाहीत. मुलगा खुशीत होता. दर पाच मिनिटांनी विचारायचा, "बाबा, इथून चालत आला होता का तुम्ही?" मी अशा बेतानं मान हलवायचो की तिचा अर्थ कसाही घेता यावा. ही कला मला नोकरीनं दिली.

मग एका वळणावर दरी उघडली.

सुंदर होतं, यात वाद नाही. शेकडो खाचरं पाण्यानं काठोकाठ भरलेली, प्रत्येकात आभाळाचा एक तुकडा. लावणी चालू होती. काही खाचरांत हिरव्या रोपांच्या सरळ रांगा होत्या, काही अजून रिकामी. मी तो देखावा आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि मुलगा माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"आठवलं ना सगळं?"

"हो," मी म्हणालो. "असंच होतं."

गाडी थांबवून त्यानं फोटो काढले. मी खाली उतरलो तेव्हा एक गोष्ट मला खटकली. एवढ्या मोठ्या दरीत माणूस दिसत नव्हता. लावणीच्या दिवसांत खाचरं माणसांनी गजबजलेली असतात, हे मला पुस्तकांतून का होईना माहीत होतं. इथं बैल नाही, हाक नाही. पण दूर खाली, नदीजवळच्या एकाच खाचरात पाणी गढूळ होतं. नुकतंच कोणीतरी पाय काढून घ्यावेत तसं ते हलत होतं.

"जेवायला गेले असतील," मुलगा म्हणाला.

सकाळचे साडेनऊ वाजले होते.

पुढच्या वळणावर मला ती दिसली. पाच माणसं, त्या गढूळ खाचराच्या वरच्या पायरीवर, एका ओळीत, कंबरेत वाकलेली. पाचही जण पाठमोरे. लावणी करणारे मागे मागे सरकत जातात, म्हणजे लावलेल्या रोपांवर पाय पडत नाही. हेही मी पुस्तकात वाचलं होतं, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती पाच होती, एवढंच मनात राहिलं.

"बघा, आहेत की माणसं," बायको म्हणाली. "तुम्ही उगाच."

मी काहीच बोललो नव्हतो. मी नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो होतो.

३

आता खरं सांगतो. लेखी सांगायला मला सोपं जातं.

एकतीस वर्षांपूर्वी मला त्या पाहणीवर पाठवलं तेव्हा पायथ्याच्या गावातलं विश्रामगृह माझ्या नावानं राखून ठेवलेलं होतं. खोलीत एक लोखंडी खाट, एक टेबल, आणि खिडकीबाहेर भिंत. पाऊस लागला होता. रखवालदार म्हणाला, "साहेब, वर चिखल फार आहे. पण तुम्हाला जायचंच असेल तर कोणी तुम्हाला अडवणार नाही." मला कारकून असूनही तो साहेब म्हणाला, याचाच मला इतका आनंद झाला की मी गेलो नाही. तीन दिवस खाटेवर पडून दोन कादंबऱ्या संपवल्या आणि तिसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. घोंगडीत गुंडाळून, गुडघ्यावर कागद ठेवून.

नियम असा होता, की रस्ता ज्या डोंगरातून कापायचा त्याच्या खाली वस्ती आहे का ते पाहायचं, आणि तिथं कसणाऱ्या पाच जणांची साक्ष अंगठ्यानिशी घ्यायची. वस्ती असली तर रस्ता दुसरीकडून न्यावा लागे, आणि पुन्हा पाहणी करावी लागे. मी लिहिलं: वस्ती नाही. कसणारे डोंगरापलीकडून येतात आणि संध्याकाळी परत जातात. मग पाच साक्षीदार तयार केले. तक्त्यात नाव, वय आणि ओळखीची खूण असे रकाने होते, ते मी मनापासून भरले. एकाचा कान फाटका. एक लंगडा. एकजण ठार बहिरा. एका विधवेचा एक डोळा अधू. आणि ती दात नसलेली हसरी म्हातारी. खरं सांगायचं तर लिहिताना मला मजा येत होती. मला लेखक व्हायचं होतं, आणि सरकारनं मला तेवढी एकच संधी दिली.

अंगठे मी माझेच उठवले. डाव्या हाताची पाच बोटं, पाच साक्षीदार. तर्जनीवर लहानपणी विळीनं कापल्याची तिरकी रेघ आहे, ती ठशात अगदी स्पष्ट उमटली. करंगळीचा ठसा फारच बारीक दिसला, म्हणून त्याच जागी पुन्हा दाबला. तो जरा दुहेरी झाला.

रस्ता झाला. दोन पावसाळ्यांनंतर वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली, की नव्या रस्त्याखालचा उतार एका पहाटे घसरला. "सरकारी नोंदीनुसार तिथे वस्ती नव्हती, त्यामुळे जीवितहानी नाही." मी कचेरीत चहा पीत होतो. हातातला चहा गार झाला असं लिहिलं तर ते बरं दिसेल, पण मी तो गरम असतानाच संपवला.

पाण्याच्या मडक्याची गोष्ट मी त्याच्यानंतर सांगायला लागलो. त्याच्याआधी नाही.

४

तिसऱ्या वळणावर चहाची टपरी होती. पुढे पत्रा, दोन बाकडी, आणि मागे डोंगराच्या उताराला टेकून एक खोली. टपरीवाली पंचेचाळिशीची असावी. तिनं न विचारता तीन पेले धुवायला घेतले.

"ताई, हे माझे बाबा," मुलगा म्हणाला. "हा रस्ता व्हायच्या आधी इथं पाहणीला आले होते. एकतीस वर्षं झाली."

मी पेल्याकडे बघत बसलो. ती म्हणेल, इथं कोणी आलं नव्हतं. मग मी म्हणणार होतो, तुम्ही तेव्हा लहान असाल. वाक्य तयार होतं.

"हो ना, ऐकलंय," ती म्हणाली. "पावसात आले होते. तीन दिवस होते. म्हातारीकडे पाणी प्यायले."

मुलानं माझ्या पाठीवर थाप मारली. बायकोनं हातातलं लिंबू खाली ठेवलं.

"बघा बाबा! लोक विसरत नाहीत."

"विसरतील कसे?" टपरीवाली म्हणाली. "खांद्यावर घोंगडी होती म्हणे. कोपऱ्यात जळलेलं भोक असलेली."

त्या घोंगडीबद्दल मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. अहवालात ती नव्हती, मुलाच्या निबंधात नव्हती. ती विश्रामगृहाची होती आणि तिथंच राहिली. भोक मी पाडलं होतं, विडीनं. माझी पहिली आणि शेवटची विडी.

"कोण सांगतं हे?" मी विचारलं.

"वरची माणसं."

"वर कोण राहतं?"

"कोणी नाही राहत."

"मग लावणी कोण करतं?"

तिनं पेला उपडा ठेवला. "लागलेली असते," ती म्हणाली, आणि गाळणं झटकायला मागे गेली.

मुलगा रस्त्याच्या कडेला टेप लावून मोजत होता. मला हात धुवायचे होते, म्हणून मी तिच्यामागे खोलीत गेलो. खोली लहान होती पण नीटनेटकी. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, पोरांच्या उंचीच्या. खाटेवर एक म्हातारी निजली होती, भिंतीकडे तोंड करून. तिची कूस बदलायला दोन माणसं लागत असणार. मागच्या भिंतीला बारीक तडा होता, आणि त्यातून ओल झिरपत खाली येत होती.

"सासूबाई," टपरीवाली म्हणाली. "ऐकायला येत नाही त्यांना. पण सुरुंग उडाले की कळेल. हादरा बसतो ना."

"सुरुंगाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नोटीस लावलीये खांबावर. पण साहेब लोक येऊन बघून जातील म्हणे आधी, खाली कोणी राहतं का ते." तिनं माझ्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. "आता तुम्ही बघितलंतच, काका."

५

त्यानंतर प्रत्येक वळणाला ती पाच माणसं होती.

मी बुद्धीनं चालणारा माणूस आहे. मी स्वतःला समजावलं, की दरी मोठी आहे, मजूर पुष्कळ असतील, पाचपाचांच्या टोळ्या करून काम वाटून घेतलं असेल. पण दुसऱ्या वळणावर ती नदीजवळ होती. चौथ्या वळणावर अर्ध्यात होती. सहाव्या वळणावर रस्त्याखालच्या सातव्या पायरीवर होती, मी मोजली. कायम ओळीत, कायम वाकलेली, कायम पाठ आमच्याकडे. म्हणजे ती आमच्याकडे मागे मागे चालत येत होती. गाडीच्या वेगानं कोणी लावणी करत नाही.

मुलानं इंजिन बंद केलं, की खालून पाण्यात पाय उचलल्याचा आवाज यायचा. पचक, मग थोडं थांबून, पचक. आवाज पाच जणांचा नव्हता. एका पावलाइतकाच होता, पाचही जण एकाच वेळी पाऊल उचलत असल्यासारखा.

"बेडूक," मी म्हणालो, कोणी विचारलं नसताना.

सगळ्यात उंच जागी लोकांना उभं राहून बघता यावं म्हणून कठडा बांधलेला होता. तिथून समोर पाच टेकड्या दिसत होत्या. प्रत्येक टेकडीभोवती खाचरांचे बांध गोल गोल फिरत वर गेले होते, एकात एक, मध्यावर लहान होत होत एका ठिपक्यात संपलेले.

"काय सुरेख दिसतंय," बायको म्हणाली. "रांगोळी काढल्यासारखं."

मला ते रांगोळीसारखं दिसलं नाही. चौतीस वर्षांत मी हजारो अंगठे पाहिले आहेत. डावीकडची टेकडी सर्वात रुंद होती. तिच्या शेजारच्या टेकडीवरचे बांध एका जागी तिरके तुटले होते. तिथं उतार घसरला होता, आणि जुनी लाल माती रेघेसारखी वरून खालपर्यंत गेली होती. मधली टेकडी उंच, मग चौथी. सगळ्यात उजवीकडे एक बारकी टेकडी होती, आणि तिच्यावरचा प्रत्येक बांध दुहेरी होता.

मी डावा हात खिशात घातला.

"थंडी वाजतेय का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"मग हात का लपवताय?"

ती हसत विचारत नव्हती. मी हात बाहेर काढला आणि कठड्यावर उलटा ठेवला.

६

मुलानं गाडीच्या बॉनेटवर कागद पसरले. जुना अहवाल डावीकडे, नवा तक्ता उजवीकडे. तो वाचत वाचत लिहीत होता, शाळेत फळ्यावरचं उतरवून घ्यायचा तसा.

"प्रस्तावित खोदाईखाली वस्ती," तो म्हणाला, "नाही."

"ती चहावाली," मी म्हणालो.

"तिचं काय?"

"तिची खोली आहे मागे."

"टपरीला आडोसा असतोच, बाबा. तात्पुरतं असतं ते. तुमच्या अहवालात तिथं काहीच नाही." त्यानं बोट ठेवून दाखवलं. "तिथं जुनं घर असतं तर तुम्हाला दिसलं असतं ना?"

एवढंच विचारलं त्यानं. प्रश्न साधा होता आणि उत्तर एका शब्दाचं होतं. मी जर म्हणालो असतो, नाही, कारण मी इथं आलोच नव्हतो, तर त्यानं पेन खाली ठेवलं असतं. मग तो त्या खोलीत गेला असता, खाटेवरची म्हातारी त्यानं पाहिली असती, आणि सुरुंगाची जागा बदलली असती. त्याचा स्वभाव मला माहीत आहे. त्यानं हे सगळं केलं असतं, आणि नंतर माझ्याकडे पाहिलं असतं.

"दिसलं असतं," मी म्हणालो.

"मग झालं. आता पाच साक्षीदार." त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, हे काय, आहेतच की."

रस्त्याच्या लगतच्या खाचरात, बांबूच्या बेटापलीकडे, ती वाकलेली होती. पाच पाठी. इतक्या जवळून मला त्यांच्या अंगावरच्या कापडाचा पोत दिसायला हवा होता. दिसत नव्हता. भिजलेल्या टीपकागदाचा असतो तसा करडा रंग होता, एवढंच.

मुलानं स्टॅम्पपॅड आणि तक्ता उचलला आणि तो बांधाकडे निघाला.

"थांब," मी म्हणालो. "मी जातो."

"चिखल आहे, बाबा."

"माझ्या ओळखीचे आहेत."

हे वाक्य मी का म्हणालो ते मला माहीत आहे, आणि ते सांगायला मला आजही जड जातं. तो त्यांच्यापाशी जाऊ नये असं मला वाटत होतं. त्याच्या जिवाला काही होईल ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की ते त्याला काही सांगतील.

मी बेटाला वळसा घालून बांधावर उतरलो. रस्ता दिसेनासा झाला. ते मागे सरकत माझ्यापर्यंत आले आणि हातभर अंतरावर थांबले. पाणीही थांबलं. एकाचा कान फाटका होता. एकाचा डावा पाय आखूड होता, तो काठीवर रेलला होता. कोणाच्याच श्वासाचा आवाज येत नव्हता.

माझ्या लक्षात आलं, की ते हाकेची वाट पाहत आहेत. साक्षीला बोलावताना नाव पुकारायची पद्धत असते. मी तोंड उघडलं आणि मला एकही नाव आठवलं नाही. त्यांच्या खुणा आठवत होत्या, मडकं आठवत होतं, इतकी वर्षं पाहुण्यांसमोर केलेली नक्कल आठवत होती. नावं मी ज्या दिवशी लिहिली त्याच दिवशी विसरलो होतो.

शेवटच्या म्हातारीचे खांदे हलायला लागले. मी तिला हसरी लिहिलं होतं. मागून पाहताना माणूस हसतंय की काय करतंय ते कळत नाही.

मग ती हळूहळू मान वळवायला लागली.

मी पॅड उघडलं, डाव्या हाताची पाच बोटं शाईत बुडवली आणि तक्त्यावर एकेक दाबली. वर बघितलं नाही. करंगळी दोनदा दाबली. सवयच म्हणायची.

७

"झालं?" मुलगा म्हणाला. "पाचही जणांचे दिलेत? आजी आहे का अजून?"

"आहे."

त्यानं कागद घेतला, बॉनेटवर ठेवला, आणि साक्षीदारांची नावं उतरवून घ्यायला जुना अहवाल शेजारी ओढला. मी बघत होतो. त्याचा पेन चालता चालता थांबला. मुलगा इंजिनिअर आहे, रेषा वाचणं हे त्याचं काम. त्यानं नव्या कागदावरच्या दुसऱ्या ठशाकडे पाहिलं, मग जुन्या कागदावरच्या दुसऱ्या ठशाकडे. त्या तिरक्या रेघेवर त्याचं बोट बराच वेळ होतं. मग पाचव्या ठशाकडे पाहिलं.

मग माझ्या हाताकडे. मी तो खिशात घालायला विसरलो होतो.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गाडीतून पाण्याची बाटली आणली आणि म्हणाला, "बाबा, हात पुढे करा." मी केला. त्यानं पाणी घातलं, स्वतःच्या रुमालानं एकेक बोट पुसलं. तर्जनीपाशी जरा थांबला. शाई पूर्ण गेली नाही.

"कधीच?" त्यानं विचारलं. आवाज इतका खाली होता, की तो मला विचारतोय की स्वतःला, ते कळलं नाही.

मी मान हलवली. या वेळी अर्थ एकच होता.

बायको गाडीत बसली होती, काच खाली करून. ती समोर बघत म्हणाली, "पाहणीवरून आलात तेव्हा तुमची बॅग मीच उपसली होती. बूट कोरडे होते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही गोष्ट इतकी छान सांगत होतात," ती म्हणाली.

मुलगा बॉनेटपाशी उभा होता. मला वाटलं, तो कागद फाडणार. मनापासून वाटलं, आणि मला वाटतं तेव्हा मला ते हवंही होतं. मग त्याच्या मनात काय चाललंय ते मला उमगलं. नवा अहवाल फिरवायचा तर जुना उघडावा लागेल. जुना उघडला की चार ओळींची ती बातमी उघडेल. मग मला बोलावतील, या वयात, याच बोटांनिशी.

"अरे," मी म्हणालो, "त्या खोलीत—"

"बाबा, गाडीत बसा."

"तिची सासू आहे तिथं. आणि मुलं."

"बसा."

हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. अर्ध्या तासापूर्वी सांगितलं असतं तर त्याचा उपयोग झाला असता. आता सांगून मी फक्त एवढंच केलं, की त्यालाही ते माहीत झालं. मी निदान न पाहता लिहिलं होतं. तो जाणूनबुजून लिहिणार होता.

त्यानं पाच नावं उतरवली. खाली सही केली. लहानपणी माझी सही गिरवायचा तो, तेव्हा मी कौतुकानं सगळ्यांना दाखवायचो. कागद पिशवीत ठेवून तो गाडीत बसला. आम्ही परतीला लागलो. टपरीवरून गेलो तेव्हा टपरीवालीनं हात वर केला. मुलानं गाडी हळू केली नाही.

पुढच्या वळणावर मी मागे पाहिलं.

ते पाच जण सरळ उभे होते. पहिल्यांदाच. हात मोकळे, तोंडं रस्त्याकडे. एवढ्या अंतरावरून चेहरे दिसायला हवे होते की नव्हते हे मी नक्की सांगू शकत नाही. मी माझ्यापुरतं त्यांच्या नजरेत काही शोधत होतो, राग म्हणा, ओळख म्हणा. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचं बघणं स्टिअरिंगच्या बाजूला होतं.

त्यांच्याखाली, पार तळाला, नदीजवळच्या खाचरात पाणी गढूळ झालं होतं. तिथं आणखी पाच जण होते. ओळीत, कंबरेत वाकलेले, पाठ आमच्याकडे. मी बघत असतानाच त्यांनी पहिलं पाऊल मागे टाकलं.

मुलानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हात अजून ओले होते त्याचे.

"मागे काय बघताय, बाबा?"

"काही नाही," मी म्हणालो.